तिसरी सही तांबेकाकांची

मीटिंग व्हायच्या आधीच मीटिंगचं इतिवृत्त टाइप करून ठेवण्यात अख्ख्या पालिकेत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. खोटं कशाला बोलू? आदल्या दिवशी डबा खाऊन झाला की बसायचे. विषय क्रमांक एक, सविस्तर चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक दोन, सविस्तर चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर. दुसऱ्या दिवशी साहेब लोक यायचे, चहा-वेफर्स व्हायचे, कागद फिरायचा, सह्या व्हायच्या आणि वीस मिनिटांत सगळे मोकळे. यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

ही मीटिंग म्हणजे आमच्या निवृत्तिवेतन निधी समितीची. समिती काय करते ते थोडक्यात सांगते, कारण लग्नाला तीस वर्षं झाली तरी माझ्या नवऱ्यालाही ते कळलेलं नाही. पालिकेतून निवृत्त झालेल्यांची पेन्शन एका वेगळ्या निधीतून जाते. पालिका दर महिन्याला त्यात आपला वाटा टाकते, आणि शिल्लक बँकेत ठेवी म्हणून असते. त्या ठेवीला हात लावायचा तर तीन सह्या लागतात. एक अध्यक्षांची, एक लेखाधिकाऱ्यांची, म्हणजे आमच्या साहेबांची, आणि तिसरी पेन्शनरांच्या प्रतिनिधीची. हा प्रतिनिधी पेन्शनर मंडळी आपल्यातूनच निवडून देतात. तांबेकाकांच्या आधीचे प्रतिनिधी फार सज्जन होते. मी बोट ठेवीन तिथे सही करायचे, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायचे आणि जायचे.

मग तांबेकाका आले. पाणीखात्यात जन्मभर व्हॉल्वमन होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व किती आटे फिरवायचा, हे त्यांचं काम. अंगाने काटकुळे, उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पालिकेनेच कधीकाळी दिलेले काळे बूट, आणि ते असे चकचकीत की बघत राहावं. पहिल्याच मीटिंगला कागद फिरत फिरत त्यांच्याकडे गेला. त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. साहेबांनी एक वेफर तोंडात टाकला, दुसरा टाकला, काका अजून पहिल्याच पानावर.

"मॅडम," त्यांनी मला विचारलं, "ही सविस्तर चर्चा झाली कधी?"

"ती… आत्ता होईल ना."

"आणि सर्वानुमते?"

मी वेफर्सची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"म्हणजे पोरगी बघायला जायच्या आधीच बारशाचे पेढे वाटले की तुम्ही," काका म्हणाले. सगळे हसले. काका हसले नाहीत. "माझं मत अजून माझ्या पोटात आहे. ते या कागदाला कसं कळलं?"

ती मीटिंग अडीच तास चालली. वेफर्स मऊ पडले. मला सगळं नव्याने टाइप करावं लागलं आणि घरी जाऊन मी कणकेवर राग काढला. "अहो, व्हॉल्वमन होता तो! त्याला काय कळतं फंडातलं?" असं मी नवऱ्याला म्हटलेलं. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्यांची वाचायची एक रीत होती. विषयपत्रिका आठ दिवस आधी मिळाली पाहिजे हा नियम आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ती घरी नेऊन ते पेन्सिलीने खुणा करायचे. कळलं त्याच्यापुढे गोल, नाही कळलं त्याच्यापुढे तिकोन. मीटिंगला आले की खुर्चीत बसायच्या आधीच जाहीर करायचे, "आज पाच तिकोनं आहेत." साहेबांच्या कपाळाला आठ्या. एकेक तिकोन खोडून तिथे गोल झाल्याशिवाय हा माणूस सही करायचा नाही, आणि सही झाल्याशिवाय वेफरला हात लावायचा नाही. भूक लागलीय हे दिसायचं, पण नाही म्हणजे नाही.

"काका, एवढं काय विचारता? सगळे तुमच्याकडे बघत राहतात," असं मी एकदा म्हटलं.

"बघू देत. विचारायला लाजलो तर पाणी कुठे मुरतंय ते कळायचं कसं? मी रस्त्यावर पालथा पडून पाइपाला कान लावायचो ताई. तेव्हाही लोक बघायचेच."

आणि खरंच होतं ते. त्यांच्याबरोबर ठाकुर्लीच्या रस्त्याने चाललं की दुकानं, माणसं, रिक्षा यांतलं काही त्यांना दिसायचंच नाही. मधेच थबकून बुटाने जमीन दाबायचे आणि म्हणायचे, "हिच्याखाली सहा इंची लाइन आहे. जुनी. आवाज करते."

काका आता नाहीत. चिपळूणला लेकीकडे गेले आणि दोन वर्षांनी तिथेच वारले. आमच्या मीटिंगा आता लवकर संपतात, आणि मला ते अजिबात आवडत नाही. इतिवृत्त मी अजूनही मीटिंग झाल्यावरच लिहिते. पण लिहिताना जीव तुटतो. कोणीतरी दार ढकलून आत यावं आणि आल्या आल्या तिकोनं मोजावीत असं इतकं वाटतं, की काय सांगू!

तेव्हा मात्र मला त्यांचा राग यायचा. तो गेला भोईरबाईंच्या प्रकरणात. भोईरबाई मानपाड्याच्या. पालिकेच्या दवाखान्यात आया होत्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या पेन्शनवर. दर नोव्हेंबरला पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता त्यासाठी मशीनवर अंगठा ठेवतात. भोईरबाईंनी ठेवला, पुसून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. मशीन काही घेईना. जन्मभर फिनेलच्या पाण्यात हात, रेषा उरल्यात कुठे? दाखला झाला नाही, पेन्शन थांबली. बाई चार महिने हेलपाटे घालत होत्या, आणि मी त्यांना दर वेळी सांगत होते की पुढच्या आठवड्यात या.

समितीत त्याचा उल्लेख एवढाच असायचा: थांबवलेली निवृत्तिवेतनं, अमुक इतकी. काकांनी त्याच्यापुढे तिकोन केलं.

"ही कोण माणसं आहेत? नावं वाचा."

साहेब म्हणाले, "तांबे, समितीने धोरण बघायचं असतं. नावं बघायला खातं आहे."

"खात्यावर बघायला कोण आहे? आपणच ना? मग वाचा नावं. कारणासकट वाचा."

मी वाचायला लागले. सातवं की आठवं नाव भोईरबाईंचं. कारण काय, तर अंगठा जुळत नाही. काका उठले, बाहेर गेले आणि बाकावर बसलेल्या भोईरबाईंना हाताला धरून आत घेऊन आले. तो आठवडाही 'पुढचा आठवडा'च होता ना!

"काय ते सांगा यांना," काका म्हणाले.

भोईरबाईंचा आवाज मुळातच खणखणीत. "माजा अंगठा तुमच्या मशीनला दिसत नाय, त मी काय करू? मी जिती हाय ना समोर! का मशीनलाच इचारून मरू?"

त्याच मीटिंगमध्ये ठरलं की अंगठा जुळला नाही तर डॉक्टरचा दाखला चालेल, आणि थांबवलेल्या पेन्शनींची नावं दर वेळी मोठ्याने वाचायची. त्या दिवशीचं इतिवृत्त टाइप करताना पहिल्यांदा मला आपण काहीतरी कामाचं करतोय असं वाटलं.

आता सगळं त्यांचंच बरोबर असायचं असं समजू नका. एकदा बँकेच्या पत्रातलं एक पान साहेबांनी मुद्दाम दिलं नाही म्हणून त्यांनी भर मीटिंगमध्ये तोंडसुख घेतलं. साहेब लालबुंद. आठ दिवसांनी ते पान काकांच्याच घरी सापडलं, काकींनी गरम पातेल्याखाली घातलेलं. पुढच्या मीटिंगला काका उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, माझं चुकलं. माफी मागतो. ताई, हे इतिवृत्तात लिहा." साहेब म्हणाले, "राहू द्या हो." काका ऐकेनात. "तुमच्या चुका लिहायच्या आणि माझी खायची, असं कसं?" पातेल्याचा गोल डाग पडलेलं ते पान अजून फायलीत आहे.

त्या पातेल्यामुळेच काकींची आणि माझी ओळख झाली. नाव शेवंता. काकांच्या खांद्याला लागतील एवढ्याच. पूर्वी त्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगला जायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने प्रत्येकीच्या हातात एक स्टीलचा डबा ठेवला आणि नमस्कार केला. फंड नाही, पेन्शन नाही, काही नाही. ते पान आणायला मी ठाकुर्लीला त्यांच्या चाळीत गेले, तेव्हा काकींनी त्याच डब्यातून मला पीठ काढून घावणे करून वाढलेले.

काका समितीवर आले ते काकींसाठी. त्यांनी ते कधी लपवलंही नाही. "ही माझ्याहून नऊ वर्षांनी लहान," ते म्हणाले. "म्हणजे मी आधी जाणार, हे सरळ आहे. मग माझी अर्धी पेन्शन हिला. पण निधीच रिकामा झाला तर? कागदावर नाव असून काय चाटायचंय? म्हणून म्हटलं, आपण असेपर्यंत त्या टाकीजवळ उभं राहायचं."

"बघा हे मीटिंगवाले," काकी तव्यावरून म्हणाल्या. "मरायची घाई. भाजी आणायची नाही."

"हसू नको. तिसरी सही म्हणजे काय, सांग बघू ताईंना."

काकींनी शाळेतल्या पोरीसारखं सांगितलं, "दोघांनी ठरवलं तरी तिसऱ्याला विचारल्याशिवाय पैसे हलत नाहीत." मग मला म्हणाल्या, "रोज पाठ करून घेतात. मी आधी गेले तर काय करतील हे?"

"तसं करायचं नाही," काका म्हणाले. "नियमात बसत नाही." आणि आम्ही तिघंही हसलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात साहेबांनी प्रस्ताव आणला. ठेवीसाठी तीन सह्या म्हणजे कामाला उशीर, तेव्हा यापुढे दोनच असाव्यात. मनात काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एक मोठी ठेव मोडून ती दुसऱ्या कामांकडे तात्पुरती वळवायची होती. पालिकेतलं तात्पुरतं म्हणजे काय ते मी सांगायला नको. आमच्या दारावरची तात्पुरती ताडपत्री माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हाची आहे.

नियम असा होता, की पेन्शनरांचा प्रतिनिधी गैरहजर असताना नियम बदलता येत नाही, आणि त्याने विरोध केला तर प्रस्ताव सगळ्या पेन्शनरांच्या सभेपुढे न्यावा लागतो. पण रजेचा अर्ज न देता तो लागोपाठ तीन मीटिंगांना आला नाही, तर त्याची जागा रिकामी होते. आणि जागाच रिकामी, तर विरोध कोण करणार?

नेमक्या तेव्हाच काकी आजारी पडल्या. हृदयाचं दुखणं. कल्याणच्या एका हॉस्पिटलात होत्या, काका रात्रंदिवस तिथेच. दोन मीटिंगा चुकल्या. साहेबांनी लगोलग तिसरी लावली आणि मला बोलावलं. "प्रधानबाई, तांबेंची नोटीस पोस्टाने घरच्या पत्त्यावर पाठवा. नियमात पोस्टच आहे."

घराला कुलूप आहे हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं. काकांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. मी नोटीस पोस्टात टाकली आणि फोन केला नाही. घाबरले. मुलीचं कॉलेज, घराचे हप्ते, बदलीची भीती, कारणं काय हवी तेवढी आहेत. पण फोन केला नाही हे खरं.

मीटिंगच्या दिवशी अकराला दहा कमी असताना काका माझ्या टेबलापाशी उभे. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, हातात काकींच्या कपड्यांची पिशवी.

"ताई, रजेचा अर्ज आणलाय. दोन मीटिंगा चुकल्या ना. आज बारा वाजता तिला घरी सोडणार आहेत, म्हटलं जाता जाता देऊन…" एवढ्यात त्यांना वेफर्सच्या बश्या आत जाताना दिसल्या. "आज मीटिंग आहे?"

"हो. अकराला," मी पुटपुटले.

"विषय काय?"

"सह्यांचा," मी म्हटलं. "अर्ज देऊन गेलात तरी जागा राहील तुमची. आज काही होणार नाही."

"आज नाही, मग परवा लावतील. माझ्या मागे हिचं दुखणं आहे, किती रजा टाकू?" त्यांनी घड्याळ बघितलं. "बारापर्यंत संपेल?"

"नाही संपणार काका."

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. मग माझ्या फोनवरून वॉर्डात फोन लावून सिस्टरला म्हणाले, "तिला सांगा, थोडा उशीर होईल." पिशवी घेऊनच ते आत गेले.

त्यांना बघून साहेबांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्यांनी सह्यांचा विषय शेवटी टाकला. आधी बँकांचे व्याजदर, मग कपाटांची दुरुस्ती, मग संगणकाचं टोनर. टोनरवर पाऊण तास! हा माणूस हॉस्पिटलात जाईल केव्हातरी उठून, असा डाव. बारा वाजले. एक वाजला. काका दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते आणि मांडीवरच्या पिशवीचे बंद गुंडाळत होते, सोडत होते. मला ते बघवेना. दोन वाजता तो विषय निघाला.

"विरोध आहे," काका म्हणाले. "लिहा ताई."

"तांबे, तुम्ही एकटे आहात," अध्यक्ष म्हणाले.

"एकटाच निवडून दिलाय साहेब. माझ्यासमोर लिहा, मी सही करून जातो."

मी हातानेच लिहिलं. त्यांनी सही केली आणि त्या वयात जिना धावत उतरले. वेफर्सची बशी तशीच.

त्यानंतर पंधरवड्याने काकी गेल्या. घरीच गेल्या, सकाळी चहा पिताना.

महिन्याने पेन्शनरांची सभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. काठ्या टेकत आलेले, मुलांच्या स्कूटरवरून आलेले, श्वास लागलेले. साहेबांनी सोय, गती, आधुनिक पद्धत वगैरे सांगितलं. ते बसायच्या आत भोईरबाई उभ्या राहिल्या. "आमचा मानूस वर नसता त आमची नावं कोन वाचनार होता? सही ऱ्हायाला पायजे!" आणि हॉलभर हात वर झाले. सगळे. थरथरणारे, प्लास्टरमधलेसुद्धा. तिसरी सही राहिली. लोक टाळ्या वाजवत काकांना शोधायला लागले. ते शेवटच्या रांगेत होते. माणसं तिथे पोचेपर्यंत ते निघून गेलेले.

दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. दोन कागद टेबलावर ठेवले. एक समितीचा राजीनामा. दुसरा आमचा छापील फॉर्म, कुटुंब निवृत्तिवेतनातून नाव कमी करण्याचा. सगळा भरलेला होता, फक्त कारणाचा रकाना कोरा.

"तेवढं तुम्ही लिहा ताई. माझ्या हातून लिहून होत नाही."

मी लिहिलं. एकच शब्द, पण माझंही अक्षर वाकडं आलं.

"काका, मी तुम्हाला फोन करायला हवा होता," मी म्हटलं. "मला माहीत होतं मीटिंगचं."

"मला कळलं ते, त्याच दिवशी." आवाजात राग नव्हता. "अडीच तास बाकावर बसली होती ती. खाट दुसऱ्या पेशंटला दिली त्यांनी. मी धापा टाकत गेलो, म्हटलं, चुकलं गं माझं. तर म्हणाली, माझ्याच कामाला गेला होतात ना, मग बसले तर काय बिघडलं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तिचंच काम होतं ताई. आणि आता बघा, हा फॉर्म."

मी रडत होते. ऑफिसमध्ये, सगळ्यांसमोर. "राजीनामा नका देऊ. तुमच्याशिवाय कोण बसणार तिथे?"

"भोईरबाईंना उभं करा."

"त्यांना नीट वाचता कुठे येतं काका?"

"वाचून तुम्ही दाखवा. मोठ्याने विचारता येतं तिला." ते दारापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "आणि तिचा नवरा अजून आहे."

मग ते सावकाश, कठड्याला धरून जिना उतरले. पुन्हा मला दिसले नाहीत.

फॉर्म मी त्या दिवशी पुढे पाठवला नाही. एक दिवस तरी यादीत शेवंता तांबे हे नाव राहू दे, म्हटलं. साहेबांनी विचारलं असतं तर कामाचा ढीग होता असं सांगणार होते. त्यांनी विचारलं नाही.